गुरुवारची गल्ली

निगडी प्राधिकरण,
१५ जानेवारी २०२३

मुकुंद,

आशीर्वाद आहेतच, ते लिहून सिद्ध करण्याची मला गरज वाटत नाही.

हे पत्र तुझ्या गुरुग्रामच्या कार्यालयात येते आहे, कारण घर बदलल्यावर नवा पत्ता तू मला कळवला नाहीस. पुनावळ्याच्या तुझ्या गृहसंकुलाला पारितोषिक देऊ नये, असे परीक्षक मंडळात मी म्हटले, तेव्हापासून आपले बोलणे बंद आहे. मी तेव्हा जे म्हटले ते आजही म्हणेन. जिथे दुधाची पिशवी आणायला गाडी बाहेर काढावी लागते, त्या बांधकामाला वस्ती म्हणत नाहीत. सख्ख्या भावाला गुण वाढवून देणे मला जमले नसते. तो विषय माझ्याकडून संपला आहे.

पत्राचे कारण निराळे आहे. परवा दीपमाला नावाची मुलगी स्कूटरवरून एक जाडजूड अहवाल घेऊन माझ्या दारात आली. ती चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीस आहे आणि राहते पाठवाडीत. म्हणजे आपल्या स्टेशनच्या मागे, जिथे दोन खोल्यांत आपण दोघे वाढलो. सेवानिवृत्तीनंतर पाठवाडीच्या रहिवासी समितीला मी नगररचनेचा सल्ला देते, हे तुला ठाऊक नसेल. ती म्हणाली, "मॅडम, इंग्रजी मला वाचता येतं. पण यात आम्ही कुठे आहोत, तेच सापडत नाही."

अहवाल तुमच्या संस्थेचा आहे. शेवटच्या पानावर सही तुझी आहे.

बांधणी उत्तम आहे, नकाशांची रंगसंगती निर्दोष आहे. स्तुती एवढीच. तुमचे म्हणणे असे, की स्टेशनच्या मागच्या बाजूचा वापर 'नगण्य' आहे. म्हणून तिकडे प्रवेशद्वार देण्याचे कारण नाही, पादचारी पूल पलीकडे उतरवण्याचे कारण नाही. ती जमीन उंच इमारतींना आणि त्यांच्या वाहनतळाला द्यावी आणि पाठवाडीच्या कुटुंबांचे पुनर्वसन माण गावाच्या पलीकडच्या माळावर करावे. लोहमार्गाला लागून राहणाऱ्या माणसांना लोहमार्गापासून दूर न्यायचे आणि तिथे मोटारींना जागा द्यायची! हा विचार माझ्या एखाद्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने मांडला असता, तर मी त्याला वर्गाबाहेर नव्हे, अभ्यासक्रमाबाहेर काढले असते.

समितीच्या वतीने मी दुसरा आराखडा केला आहे. पूल पाठवाडीत उतरेल. उतारापासून एक सरळ, फक्त पायी चालण्याचा रस्ता निघेल. त्याच्या दोन्ही बाजूंना चार मजली घरे, आजच्याच कुटुंबांसाठी; तळाला आज आहेत तीच लेथची आणि प्रेसची वर्कशॉप. स्टेशन आधीपासून आहे. फक्त त्याने यांच्याकडे फिरवलेली पाठ वळवायची आहे. ९ फेब्रुवारीला जाहीर सुनावणी आहे. त्या दिवशी यांपैकी एकच आराखडा उरेल.

आता मुद्द्याचे. मागच्या बाजूने सकाळी किती माणसे उतरतात, ते मी स्वतः पाहते. कामशेत, मळवली, तळेगावची माणसे लोणावळा लोकलने येतात आणि पूल पलीकडे जात नाही म्हणून रूळ ओलांडून वर्कशॉपात पोहोचतात. त्यांना तुम्ही नगण्य ठरवले आहे. मी एकच निष्कर्ष काढू शकते: आकडे बनवलेले आहेत. बाबांच्या मुलाने हे करावे, याची मला लाज वाटते.

पद्मा


निगडी प्राधिकरण,
२८ जानेवारी २०२३

मुकुंद,

मागच्या पत्रातला निष्कर्ष मी मागे घेते. तू आकडे बनवले नाहीस. तू जे केलेस ते त्याहून वाईट आहे.

काल रात्रीपर्यंत मी तुमच्या मोजणीची पद्धत तपासत होते. पद्धतीत दोष नाही. म्हणून मी छायाचित्रांकडे वळले. पाठवाडीच्या मुख्य गल्लीचे एक छायाचित्र आहे, त्याखाली 'वापरात नसलेली गल्ली' असे लिहिले आहे. सगळी शटर बंद. रस्त्यावर माणूस नाही. मी ते उलटून पुढे गेले, आणि परत मागे आले.

गल्लीभर, या दारापासून त्या दारापर्यंत, दोऱ्यांवर कंपनीचे निळे कपडे वाळत होते.

मुकुंद, आपल्याकडे कंपनीचे कपडे कोणत्या वारी धुतले जात?

रविवारी सगळ्या जगाला सुट्टी असते. या औद्योगिक पट्ट्याला ती गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी हा वार आपल्या वाट्याला आला, असे बाबा सांगत. शाळेला रविवारी सुट्टी आणि बाबांना गुरुवारी, म्हणून आपण तिघे एका दिवशी घरी कधी नसायचो. बाबा टर्नर, त्यांच्या बाह्यांवरचे तेल निघावे म्हणून आई आदल्या रात्रीच कपडे सोड्यात भिजवायची. आणि बाबा दत्तभक्त; गुरुवारी त्यांचा उपास. सुट्टी असून मटण नाही! म्हणून आपल्या घरी मटण बुधवारी रात्री शिजायचे, आणि पाट मांडायच्या आधीच तू नळीचे हाड मागायचास.

तारखा मी ताडून पाहिल्या. तुमची दोन्ही सर्वेक्षणे गुरुवारी झाली. कसे झाले असेल, तेही मला दिसते: तुमची माणसे बुधवारी विमानाने पुण्यात उतरली, बैठक केली, दुसऱ्या दिवशी वस्ती पाहिली आणि शुक्रवारी परत गेली. त्यांच्या दृष्टीने गुरुवार हा आठवड्याचा मधला, कामाचा दिवस. त्यांना मी दोष देत नाही. ती बाहेरची आहेत. पण तू? खाली सही करण्यापूर्वी ते छायाचित्र तू पाहिले असणार. तुला ते कपडे ओळखू आले नाहीत.

खोटे बोलणारा माणूस निदान खरे काय ते जाणतो.

हे मी ९ तारखेला सर्वांसमोर मांडणार आहे. अहवाल ज्याच्या सहीने उभा आहे, त्याच्या नावावर त्यानंतर काय शिल्लक राहील, याचा अंदाज मला आहे. तरीही मांडणार आहे. तुला आधी कळवते आहे, कारण बेसावध माणसावर वार करणे मला हलक्या दर्जाचे वाटते. अहवाल मागे घ्यायचा असेल, तर वेळ आहे.

पद्मा


निगडी प्राधिकरण,
११ फेब्रुवारी २०२३

मुकुंद,

सुनावणीला तू हजर होतास, तेव्हा वृत्तान्त लिहिण्याचे कारण नाही. पण तू शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड बसला होतास, आणि अर्धे सभागृह तुला दिसले नसणार. शिवाय या दिवसाची नोंद कोणीतरी नीट करायला हवी, आणि हे काम मी इतरांवर सोपवत नाही.

सुनावणीचा वार पाहून तुमची माणसे निश्चिंत होती. कामगार वस्ती, कामाचा दिवस. दहावीस म्हातारी येतील आणि जातील. ९ फेब्रुवारीला गुरुवार होता! सभागृहात भिंतींना लागून माणसे उभी होती, जिन्यावर होती, खिडक्यांच्या बाहेर होती. सगळी धुतलेल्या कपड्यांत.

मी ते छायाचित्र पडद्यावर लावले. आधी बायका हसल्या. मग कुणीतरी म्हणाले, "अरे, ती माझी विजार!" आणि अख्खे सभागृह हसत सुटले. तुमच्या त्या टाय लावलेल्या तरुणाने उठून अधिकाऱ्यांना सांगितले, "सर, यात हसण्यासारखं काय आहे? थर्सडे तर वर्किंग डे आहे."

त्या बिचाऱ्याचा आवाज पुढे कुणाला ऐकू आला नाही. चिमाजी आबा आठवतात? ज्यांच्या शेतावर पाठवाडी वसली, ते. आता काठी घेऊन चालतात. ती काठीच त्यांनी वर केली. "सायेब, गुरुवारी हितं मशिनी बी झोपत्यात. मान्सं मोजायची आसतील तर शुक्रवारी सकाळच्या गाडीला रुळाकडंला हुबं ऱ्हावा. हुबं ऱ्हायाला जागा घावली तर! व्हय का न्हाई रं?"

"व्हय!" हा होकार खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल.

मग कौशल्याबाई उठल्या. त्या दीपमालाच्या आई. बीडहून आल्या आणि पाठवाडीत पाळीवाल्या कामगारांची खानावळ चालवतात. त्यांना मी भाषण लिहून दिले होते. ते त्यांनी कमरेला खोचून ठेवले आणि स्वतःचेच बोलल्या. "साहेब, ज्या दिवशी मी खानावळीला कुलूप लावते, नेमकं त्याच दिवशी हे आले, अन् लिहून गेले की हितं कुणी जेवतच नाही! आता आम्हाला माणच्या पलीकडं माळावर नेऊन टाकायलेत. तिथं मी कुणाला जेवू घालू? सशांला?"

माझ्या मसुद्यापेक्षा ते सरस झाले, हे मान्य करायला हवे. अधिकारीसुद्धा तोंडावर रुमाल धरून होते.

त्यांनी विचारले, "या मोजणीची जबाबदारी कोणाची?" माझ्या हातात कागद तयार होता. त्यावर तुझे नाव होते. ते वाचण्यासाठी मी चष्मा लावला.

आणि मागून तू उठलास.

"सही माझी आहे," तू म्हणालास. "माझे वडील इथल्याच एका कंपनीत टर्नर होते. गुरुवारी आमच्याही दारात त्यांचे निळे कपडे वाळत असायचे. हे छायाचित्र मी पाहिलं होतं, आणि मला काही दिसलं नाही. ही मोजणी मी मागे घेतो. कामाच्या दिवशी ती पुन्हा करावी, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत आमचा अहवाल विचारात घेऊ नये."

'दिसलं नाही' नव्हे. 'ओळखलं नाही' म्हणायला हवे होते. पण ते असो.

सभागृहात कुणी हसले नाही. तुमच्या संस्थेचा जो प्रमुख पहिल्या रांगेत बसला होता, त्याने मान वळवून तुझ्याकडे कसे पाहिले, ते मी पाहिले. मग चिमाजी आबांनी डोळे बारीक करून विचारले, "ह्यो टर्नरभाऊंचा धाकला का रं?" कुणीतरी हो म्हटले. "मग बराबर," ते म्हणाले आणि खाली बसले. मी चष्मा काढला. वाचण्यासारखे काही उरले नव्हते.

फेरमोजणीचा आदेश त्याच दुपारी निघाला. आम्ही जिंकलो, मुकुंद. तो आदेश हाती घेऊन पाठवाडीत गेले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सगळी शटर वर गेली होती आणि एकाने आनंदाच्या भरात लेथ नुसतीच फिरवून दाखवली.

सुनावणीनंतर तू जिन्याजवळ थांबला होतास. मी नकाशे गुंडाळत होते. नकाशे गुंडाळायला इतका वेळ लागत नाही, हे तुलाही माहीत आहे.

नंतर तू आपल्या जुन्या खोल्यांसमोर जाऊन उभा राहिलास, हे मला कौशल्याबाईंकडून कळले. "गुरुवार असून कुलूप काढलं बघा, ताई, तुमच्या भावासाठी. पिठलं-भाकर वाढली. ठेचा दोनदा मागून घेतला, अन् डोळ्याला पाणी आलं तर म्हणतोय, ठेच्यानंच आलंय." मी विचारले नव्हते, तरी त्यांनी पुढचेही सांगितले. "म्हणत होता, ताईचं कधी चुकतच नाही, तेच जड जातं."

या वाक्याला काय उत्तर द्यावे, याचा मी विचार करते आहे. सापडले की कळवीन.

पद्मा


निगडी प्राधिकरण,
२० ऑगस्ट २०२३

मुकुंद,

उत्तर मला सापडले नाही. ते तूच देऊन टाकलेस.

फेरमोजणीचे निष्कर्ष तू वाचले असशील; मोजणाऱ्यांना गर्दीने दोनदा जागेवरून ढकलले, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. आमचा आराखडा मंजूर झाला. पूल पाठवाडीत उतरणार. एकही कुटुंब माळावर जाणार नाही. पाठवाडीने त्या संध्याकाळी फटाके उडवले, आणि फटाक्यांना माझा तात्त्विक विरोध असूनही मी गच्चीवर उभी राहून ते शेवटपर्यंत पाहिले.

तू ती संस्था सोडलीस, हे मला तिसऱ्याकडून कळले. योग्य केलेस. स्वतःची कचेरी थाटतो आहेस, तर पहिला सल्ला: दाराला काच लावू नकोस; पाठवाडीसारख्या वस्तीतला माणूस काचेला बिचकतो.

मंजूर नकाशांचा संच तुला केवळ माहितीसाठी पाठवला होता. अभिप्राय मागितला नव्हता. तू इमारतींच्या नकाशावर पेन्सिलीने एकच ओळ लिहून तो परत पाठवलास: 'ताई, गुरुवारी कपडे कुठे वाळणार?'

मी दोन दिवस रागावलेली होते. तिसऱ्या दिवशी नकाशा पसरला. गॅलऱ्या मी उत्तरेला ठेवल्या होत्या, कारण दर्शनी भाग तिकडे छान दिसतो. गच्ची पाण्याच्या टाक्यांनी आणि सौरपट्ट्यांनी भरली होती. आणि नियमावलीत एक कलम होते: 'दर्शनी बाजूस कपडे वाळत घालू नयेत.' ते कलम माझेच होते. ज्या निळ्या कपड्यांच्या बळावर मी ती सुनावणी जिंकले, त्यांना माझ्या इमारतीत दोरीभर जागा नव्हती.

दीपमालाला विचारले, तेव्हा तिला हसू आवरेना. "आमच्या लक्षात आलं होतं, मॅडम. पण तुम्हाला सांगायचं कुणी? आईनं चिठ्ठ्या टाकायला लावल्या होत्या. चिठ्ठी चिमाजी आबांच्या नावाची निघाली, तर ते म्हणाले, माझं वय झालंय."

त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, मुकुंद. मला एक दोरी मागण्यासाठी!

गॅलऱ्या आता दक्षिणेला आल्या आहेत, प्रत्येकीला पितळी कड्या आहेत, आणि ते कलम मी खोडले आहे. सुधारित नकाशावर 'तपासणारे' म्हणून तुझे नाव घातले आहे. तुझी परवानगी घेतली नाही. हरकत असल्यास लेखी कळव.

ताईचे चुकते. हे तू आता सप्रमाण सिद्ध केले आहेस, तेव्हा काही जड जाण्याचे कारण उरलेले नाही.

पद्मा


निगडी प्राधिकरण,
१ फेब्रुवारी २०२६

प्रिय मुकुंद,

पूल उतरला.

मंगळवारी चाचणी म्हणून तो थोडा वेळ उघडला होता. सकाळची लोणावळा लोकल थांबली, लोक सवयीने रुळांकडे वळले आणि वर पाहून थबकले. मग कामशेतचा एक जण ओरडला, "चला रे, आज पुलावरून, साहेबासारखं!" आणि निम्मी गाडी मागच्या बाजूला उतरली. कुणी रूळ ओलांडले नाहीत. इतकी वर्षे शिकवलेले एक वाक्य मी त्या क्षणी प्रथमच डोळ्यांनी पाहिले: वाट दिली की माणसे वाटेने जातात.

जिन्याच्या पायथ्याशी कौशल्याबाईंची खानावळ आहे. 'स्टेशनसमोर' असा फलक त्यांनी रंगवून घेतला आहे. हे स्टेशनसमोर नाही, स्टेशनमागे आहे, असे कुणी म्हटले तर त्या विचारतात, "पूल कुणाच्या दारात उतरलाय?" पहिल्या दोन इमारतींत कुटुंबे राहायला गेली, खाली लेथ, वर घरे. जिन्यांच्या पायऱ्यांची उंची मी स्वतः मोजली. एक पायरी किंचित चुकली होती. ती फोडून पुन्हा बांधून घेतली. ठेकेदार अद्याप माझ्याशी बोलत नाही.

उद्घाटन बारा तारखेला आहे. पाहुण्यांना सोमवार सोयीचा होता. दीपमालाने बैठकीत सांगितले, "पूल आमचा आहे, तर सुट्टीही आमचीच धरा." तेव्हा गुरुवार ठरला. फीत कुणी कापायची यावर वाद झाला नाही. पहिल्यांदा पुलावरून चिमाजी आबा उतरणार आहेत, त्यांच्याच जुन्या शेतात.

परवा एक सद्गृहस्थ येऊन सुचवून गेले, की त्या दिवशी गॅलऱ्यांतले कपडे काढून ठेवावेत; छायाचित्रांत बरे दिसत नाही. मी त्यांना चहा दिला आणि निरोप दिला. त्या दिवशी दोन्ही इमारतींच्या दक्षिण बाजूला, वरपासून खालपर्यंत, सगळे निळे असेल. मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभे राहून छायाचित्र घेणार आहे. खाली काय लिहायचे ते तू सांग. मी त्यात दुरुस्ती करणार नाही, असे वचन देता येत नाही, पण प्रयत्न करीन.

तू ये. लोकलने ये आणि मागच्या बाजूला उतर; मी जिन्याखाली असेन. या वेळी माझ्या हातात नकाशे नसतील.

आणि उद्घाटन गुरुवारी असले, तरी बुधवारी रात्रीच ये. कौशल्याबाईंना सांगून ठेवले आहे. नळीचे हाड तुझ्यासाठी बाजूला काढतील.

तुझी,
ताई